आरएक्स १०० ला १३५ चा सायलेन्सर: बसवण्याआधी आणि बसवल्यावर काय बघायचं

बोल्ट जुळले म्हणजे सायलेन्सर जुळला, असं गॅरेजमध्ये सर्रास धरलं जातं. फोर स्ट्रोक गाडीत ते एकवेळ खपून जातं. यामाहाच्या टू स्ट्रोक आरएक्स घराण्यात खपत नाही.

आधी घराणं समजून घेऊ. १९८५ मध्ये आलेली आरएक्स १०० म्हणजे ९८ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली धाव) ५० मिमी आणि ७५०० आरपीएमला ११ बीएचपी. १९९६ मध्ये ती थांबली आणि तिची जागा आरएक्सजी आणि मग आरएक्स १३५ यांनी घेतली. यांचं इंजिन १३२ सीसी, बोअर ५८, पण स्ट्रोक तोच ५०. सांगाडा इतका सारखा की एकीचा सायलेन्सर दुसरीला लागतो. पुण्याच्या जुन्या बाजारात विकणारा "सगळ्या आरएक्सला बसतो बघा" म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. बसतो. प्रश्न पुढचा आहे.

टू स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो. एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची लाट पाइपातून धावते. पाइप जिथे रुंदावतो तिथून ओढणारी लाट मागे येते आणि सिलिंडरमधला धूर बाहेर खेचते. त्या ओढीत थोडं ताजं मिश्रणही पोर्टबाहेर निसटतं. पुढे हा रुंद भाग, म्हणजे पोट, जिथे पुन्हा अरुंद होतं तिथून ढकलणारी लाट परतते आणि निसटलेलं मिश्रण पोर्ट मिटायच्या आत सिलिंडरमध्ये लोटते. ही वेळ एका ठरावीक आरपीएमलाच नीट साधते, आणि ते आरपीएम कोणतं हे पाइपाची लांबी आणि पोटाचा आकार ठरवतात. म्हणून सायलेन्सर बदलला की गाडीची ओढ कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हेही बदलतं.

आपल्या गाडीवर सिलिंडर कोणता, ते आधी बघा

आरसी बुकात आरएक्स १०० असेल, इंजिन नंबर १एल१ ने सुरू होत असेल, तरी तो नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या डब्यावर असतो, सिलिंडरवर नाही. शंभरच्या क्रँककेसवर १३५ चा सिलिंडर चढवलेल्या गाड्या गावोगाव फिरतात. स्पार्क प्लगच्या भोकातून काडी घालून स्ट्रोक मोजण्यात अर्थ नाही, कारण तो दोन्हींत ५० च आहे. हेड उतरवून व्हर्निअर लावा. ५० च्या आसपास असेल तर शंभर, ५८ च्या आसपास असेल तर १३५. आकडा किंचित जास्त आला तर आधी कधीतरी रिबोअर झालंय, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून घासून मोठा केलाय, एवढंच.

दोन्ही सायलेन्सर जमिनीवर शेजारी ठेवा

हे काम लोक टाळतात आणि मग गाडीवर हातोडी चालवतात. फ्लँजच्या (सिलिंडरला बोल्ट होणाऱ्या तोंडाच्या पट्टीच्या) दोन भोकांमधलं अंतर, तोंडाचा आतला व्यास आणि मागच्या हँगरच्या (सायलेन्सर फ्रेमला धरून ठेवणाऱ्या पट्टीच्या) भोकाची जागा मोजा. मग एक सुतळी घ्या, पाइपाच्या मध्यावरून वळणासकट टेकवत न्या आणि तोंडापासून पोट फुगायला लागतं तिथपर्यंतची लांबी दोन्हींची ताडून बघा. ही लांबी वाढली की ओढ खालच्या आरपीएमला सरकते, कमी झाली की वर.

मग सायलेन्सर उचलून हलवा. आत काही खुळखुळलं तर वेल्डिंग सुटलेलं आहे, घेऊ नका. शेपटीचा स्क्रू काढून आवाज दाबणारी जाळी बाहेर येते का बघा. बऱ्याचदा जाळी जागेवर नसतेच, आवाजासाठी कुणीतरी काढून फेकलेली असते. तो आवाज म्हणजे ताकद नव्हे, चढावर डबलसीट गेलात की लगेच कळेल. नंतरच्या १३५ मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) असलेला सायलेन्सरही आला. टॉर्च मारून आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसली तर तो हाच. वर्षानुवर्षांच्या टू-टी ऑइलने (टू स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जळणाऱ्या तेलाने) ती भोकं बुजलेली असतात. असा सायलेन्सर शंभरला लावला तर गाडी धाप लागल्यासारखी पळते. मी तरी तो घेणार नाही.

उतरवणं

इंजिन पूर्ण थंड असू द्या. आदल्या रात्री फ्लँजच्या दोन्ही नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी रिंग पाना लावा, फिक्स पाना नको, नटाचे कोपरे गोल होतात. थोडं उलट, थोडं सुलट असं हलवत सोडवा. नटाबरोबर सिलिंडरमध्ये रोवलेला आटेदार दांडा, म्हणजे स्टडच, बाहेर आला तर बिघडलं नाही. स्टड तुटला तर मात्र हट्ट सोडा आणि सिलिंडर लेथवाल्याकडे न्या. घरी ड्रिल मारायला गेलात तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. फ्लँज सुटेपर्यंत हँगरचा बोल्ट पूर्ण काढू नका, नाहीतर सगळं वजन दोन स्टडवर लटकतं.

आता पोर्टमधला कार्बन. किक हाताने दाबत पिस्टन वरच्या टोकाला आणा. तिथे पिस्टनच्या खालच्या भिंतीने एक्झॉस्ट पोर्ट झाकलेला असतो, त्यामुळे खरवडलेला कार्बन सिलिंडरमध्ये पडत नाही. लाकडाची किंवा पितळेची पट्टी वापरा, स्क्रूड्रायव्हर नको. शेवटी फडक्याने पुसून घ्या.

बसवणं

गॅस्केट नवीन घ्या. जुनं दाबलं गेलेलं असतं, ते पुन्हा घट्ट बसत नाही. फ्लँजचे नट आणि हँगरचा बोल्ट आधी फक्त बोटांनी फिरवा. मग फ्लँजचे नट एकदा हा, एकदा तो असे थोडे थोडे आवळा, म्हणजे फ्लँज तिरका बसणार नाही. हँगर सगळ्यात शेवटी.

भोक दोन-चार मिलिमीटरने चुकत असेल तर मध्ये वॉशर घाला किंवा पट्टीचं भोक कानशीने लांबट करा. सायलेन्सर ओढून, पाय देऊन बोल्ट घुसवू नका. तसा ताणात बसवलेला पाइप फ्लँजजवळच्या वेल्डिंगला तडकतो आणि मग मिस्त्री सायलेन्सरला दोष देतो, आणि तो विकणारा मिस्त्रीला. हँगरचं रबर कडक झालं असेल तर तेही बदला. आरएक्सचा सायलेन्सर उजव्या बाजूला, किक आणि ब्रेकच्या पायाशी असतो. किक पूर्ण खाली नेऊन बघा, ब्रेक दाबून बघा, स्टँड वर-खाली करून बघा. कुठेच घासता कामा नये.

गाडी सुरू करून गरम होऊ द्या, मग बंद करून थंड करा आणि फ्लँजचे नट पुन्हा एकदा आवळा. चार दिवसांनी तिथे काळं तेलकट ओघळलेलं दिसलं तर गॅस्केट गळतंय.

प्लग वाचणं

हे सोडलंत तर वरचं सगळं वाया. नवा पाइप जास्त हवा ओढायला लागला आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, तर मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि हायवेवर धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो.

नवा प्लग लावा. मोकळा, सरळ रस्ता बघा आणि मागे कुणी नाही याची खात्री करा. गाडी गरम झाल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटरवर थोडा वेळ पळवा. मग एकदम क्लच दाबा, त्याच क्षणी चावी बंद करा आणि कडेला घेऊन प्लग काढा. चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त आहे, धोका नाही, ॲव्हरेज पडेल. पांढरा असेल तर त्या दिवशी लांब जाऊ नका. आरएक्स १०० च्या मिकुनी व्हीएम २० कार्ब्युरेटरमध्ये मेन जेट (पूर्ण ॲक्सिलरेटरला पेट्रोल किती जाईल ते ठरवणारं बारीक भोक) एक नंबर मोठा टाका आणि पुन्हा प्लग बघा. अर्ध्या ॲक्सिलरेटरवर गाडी अडखळत असेल तर जेट नव्हे, सुईची क्लिप बघा. क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर उचलते आणि पेट्रोल वाढतं.

पळता पळता गाडी आपोआप मंदावत असेल किंवा खड्यांसारखा टकटक आवाज येत असेल तर लगेच ॲक्सिलरेटर सोडून क्लच धरा. पिस्टन धरण्याआधीची हीच सूचना असते.

पोलीस आणि जुना सायलेन्सर

जाळी काढलेल्या सायलेन्सरवर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दंड होतो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो. "विंटेज गाडी आहे साहेब" हे चालत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणून नोंद व्हायला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं व्हावी लागतात, म्हणजे पहिल्या आरएक्सला २०३५ उजाडेल. शिवाय त्या नोंदीसाठी गाडी मूळ रूपात हवी.

तेव्हा उतरवलेला मूळ सायलेन्सर भंगारात घालू नका. आतला कार्बन काढा, थोडं टू-टी ऑइल ओतून सगळीकडे फिरवा, दोन्ही तोंडांत फडकं कोंबा आणि ओल लागणार नाही अशा जागी टांगून ठेवा. कोकणात असाल तर पावसाळ्याआधी एकदा पुन्हा तेल फिरवा.