डोंगरपायथ्याच्या जुन्या खोलीची डागडुजी करताय? या चुका टाळा

त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आमच्या गिरिभ्रमण मंडळाची एक जुनी खोली आहे. काळ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे छोटीशी पडवी. रात्री उशिरा गड उतरून आलेल्या कितीतरी जणांनी तिथे पाठ टेकली आहे. गेली आठ वर्षं आम्ही श्रमदानातून ती सांभाळतोय. या काळात तिचं सगळ्यात जास्त नुकसान पावसाने नाही, आम्हीच केलं, तेही प्रेमापोटी. तुमच्या मंडळाकडे अशी वास्तू असेल तर एवढं वाचा आणि मगच घमेलं उचला.

सिमेंटची घाई

मागच्या भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, रिकाम्या झाल्या होत्या, बोट आत जायचं. मे महिन्यातल्या दोन रविवारांत आम्ही त्या सिमेंटने भरून टाकल्या. भिंत अगदी नवी दिसायला लागली. आषाढात मात्र आतून कमरेपर्यंत ओल चढली, गिलाव्याचे पोपडे सुटले आणि भिंतीवरून हात फिरवला की पांढरी भुकटी तळहाताला लागायची. ते क्षार होते, ओलीबरोबर बाहेर आलेले.

काळा दगड पाणी फारसं पीत नाही. भिंतीतला ओलावा बाहेर पडतो तो दरजांमधल्या चुन्यातून. ती वाट सिमेंटने बुजवली की ओल आतल्या गिलाव्याकडे वळते.

आम्ही छिन्नी-हातोडीने ते सिमेंट परत काढत बसलो होतो. ग्राइंडर लावू नका, दगडाच्या कडा उडतात. पाड्यावरचे एक बाबा गुरं घेऊन रोज तिथून जायचे. ते थांबले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पोरांनो, भिंत कशाला टोचताय? आधी पायाकडं बघा ना."

खरंच, वरून वाहून आलेली माती मागच्या बाजूला वर्षानुवर्षं साचली होती. जोतं दिसतच नव्हतं. दीड फूट माती उपसल्यावर घडीव दगडांची ओळ उघडी पडली, ओली, शेवाळलेली. तिथून उताराला चर काढला आणि वरून येणारं पाणी खोलीला वळसा घालून ओढ्याकडे लावून दिलं. पुढच्या पावसात ओल निम्म्यावर आली. तोवर चुन्याचं एक घमेलंही कालवलेलं नव्हतं. म्हणून ओल दिसली की आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, भिंतीला हात नंतर लावा. शक्य असेल तर काही न करता एक अख्खा पावसाळा नुसता बघा. धो-धो पावसात छत्री घेऊन खोलीभोवती एक फेरी मारली तरी निम्मी उत्तरं मिळतात.

चुना करताना

कळीचा चुना (भाजलेल्या चुन्याचे खडे) विरवताना पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. तो उकळतो, उडतो. आमच्या एका मुलाच्या डोळ्यात शिंतोडा गेला, साध्या पाण्याने डोळा बराच वेळ धुऊन तसंच दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय कोणी चुन्याजवळ जायचं नाही असं ठरलं.

विरवलेला चुना निदान काही आठवडे पाण्याखाली मुरू द्या. एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग चाळलेली वाळू, त्यात थोडी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. दरजा भरण्याआधी भिंत भिजवा. नंतर सात-आठ दिवस ओली गोणपाटं लावून ठेवा. चुना नुसता वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो आणि त्याला ओलावा लागतो. म्हणून हे काम मे महिन्यात करू नका, उन्हाने चुना भुसभुशीत राहतो. दिवाळीनंतरची थंडी उत्तम.

छप्पर

गळती जिथे टपकते तिथे वर भोक असेलच असं नाही. पाणी वाशावरून चार-पाच फूट सरकत येतं. कोरड्या दिवशी एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने शिडीवरून पाणी ओतायचं, वळचणीपासून सुरुवात करून आढ्याकडे. वरून सुरुवात केली तर काहीच कळत नाही.

कौलं बदलताना नमुन्याचं एक कौल बरोबर न्या. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत. जुन्या नाशकात वाडा उतरवला जात असेल तिथे चौकशी केली तर जुळणारी मिळू शकतात. आमच्याकडे वानरं कौलं सरकवतात, त्यामुळे वळचणीच्या दोन ओळी तारेने रिपांना, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांना, बांधल्या आहेत. कौलांवर चालू नका, फळी टाका.

कंटाळून पत्रा टाकायचा विषय आमच्याकडेही निघाला होता. तो टाकला नाही याचं मला आजही समाधान वाटतं.

वाशांचं टोक भिंतीत जातं तिथे पेचकस टोचून बघा. सहज आत गेला तर तेवढंच टोक कापून जोड द्या, अख्खा वासा फेकू नका. ओल्या लाकडावर ऑइलपेंट मारलात तर ते आतून कुजतं.

कागदपत्रं

सातबारा आधी काढा. जागा वनखात्याची असेल तर लेखी परवानगीशिवाय दगडही हलवू नका. अंजनेरीची मंदिरं किंवा पांडवलेणी अशा केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. त्या टापूत १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या इमारतीची डागडुजी करायची तरी पुरातत्त्व कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते. १०० मीटरच्या पुढच्या २०० मीटरमध्येही डागडुजीला किंवा बांधकामाला आधी परवानगी लागते.

जे भरून आलं नाही

दाराच्या आतल्या बाजूला जुन्या मंडळींनी पेन्सिलीने नावं आणि तारखा लिहिल्या होत्या. कोण कधी आलं, कुठल्या गडावरून उतरलं. एका श्रमदानाला चाळीस जण आले, कामं वाटताना कोणाला तरी दार दिलं, आणि त्याने मनापासून, अगदी स्वच्छ पॉलिशपेपर मारला. फोटो कोणीच काढलेले नव्हते. त्याचा दोष नव्हता, त्याला सांगायची जबाबदारी आमची होती. आता आम्ही सहा-सातपेक्षा जास्त जणांना एका दिवशी बोलावत नाही. प्रत्येक भिंतीचे, दाराचे, वाशाचे फोटो काढून, नंबर टाकून मगच हत्यार हातात घेतो.

वरच्या बिजागरीच्या मागे अर्धं नाव आणि तारखेचा एक आकडा उरला आहे. दाराला तेल लावताना तेवढी जागा आम्ही सोडून देतो.