हलक्या जमिनीत झाडं लावण्याआधी मांडायचा हिशेब

पावसाळा तोंडावर आला की रोपांची धावपळ सुरू होते. बरड, मुरमाड किंवा उताराच्या जमिनीत मात्र आधी पहार घ्या आणि तीन-चार ठिकाणी मातीची खोली पाहा. 30 सेंटिमीटरवर अखंड कातळ लागला तर तेवढा भाग गवताला सोडा. तिथे झाडांवरचा खर्च सहसा निघत नाही.

खर्चात रोपाची किंमत बहुधा लहानच असते. पैसा जातो खोदाई, पाणी आणि राखणीत. 3 बाय 3 मीटरवर हेक्टरी 1,111 झाडं बसतात, 5 बाय 5 वर 400. आता खड्ड्यांचं पाहा: 45 सेंटिमीटरचे 1,111 खड्डे म्हणजे सुमारे 101 घनमीटर खोदाई, 60 सेंटिमीटरचे 400 खड्डे म्हणजे 86. हलक्या जमिनीत कमी झाडं आणि मोठे खड्डे हेच परवडतं. पाण्याचंही तसंच. 400 झाडांना प्रत्येकी 10 लिटर म्हणजे एका पाळीला 4,000 लिटर; आठ कोरड्या महिन्यांत पंधरवड्याला एक पाळी धरली तर 64,000. ते कुठून आणि कसं येणार हे ठरलं नसेल तर क्षेत्र कमी करा.

लावताना पिशवी पूर्ण काढा आणि तळाशी गुंडाळलेली मुळं कापा, नाहीतर झाड दोन-तीन वर्षांनी खुरटतं. नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत भरा. त्यानंतर लावलेलं रोप शेजारच्या झाडांच्या सावलीत दबतं, मजुरी तेवढी वाया जाते.

उत्पन्नाची बाजू मांडताना व्याज विसरलं जातं. 10 टक्के दराने 20 वर्षांत रक्कम पावणेसात पट होते. म्हणजे केवळ शेवटच्या तोडीवर भिस्त असेल, तर आजचा खर्च तेव्हा तेवढ्या पटीने परत यायला हवा. म्हणून मधली मिळकत महत्त्वाची: ओळींमधलं गवत कापून विका, पुढे विरळणीतून वासे आणि सरपण. चराई बंद केल्याने बुडणारा चारा आणि घरची मजुरी मात्र खर्चात धराच.

वाऱ्याच्या बाजूला लावलेला झाडांचा पट्टा आडोशाला, उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत पिकाला वाचवतो; पट्ट्यालगतच्या ओळी मात्र मार खातात. तिथे चर खोदून मुळं अडवा. माती थांबते हा फायदा खरा, पण त्यातून लगेच रोख हाती येत नाही. कर्जाच्या हप्त्यात तो धरू नका.

कोणत्या जातीला तोड आणि वाहतुकीचा परवाना लागतो, हे रोपं उचलण्याआधीच विचारून घ्या.