कर्नाळ्याला जाताय? या चुका टाळा

वाशी, नेरुळ, खारघर किंवा ठाण्याहून निघणाऱ्यांना कर्नाळा फार जवळचं वाटतं, आणि बहुतेक सहली तिथेच बिघडतात. पनवेलपासून जेमतेम १२ किलोमीटर, मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच जंगल. त्यामुळे दहाला निघायचं, अकराला पोचायचं, पक्षी पाहायचे, किल्ला चढायचा, परतीला चिरनेर गाव करायचं असा बेत ठरतो. अकराला पक्षी झाडीत गप्प बसलेले असतात, किल्ल्याची वाट तापलेली असते आणि चिरनेरला पोचेपर्यंत अंधार पडतो. कर्नाळ्यात पक्ष्यांचा दिवस वेगळा आणि किल्ल्याचा दिवस वेगळा ठेवा. घरातून निघण्याआधी एवढं ठरवलं तरी अर्ध्या अडचणी उरत नाहीत.

जंगलाला निव्वळ पिकनिक स्पॉट समजणं

पक्षी अभयारण्य १९६८ मध्ये झालं, तेव्हा त्याचं क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरच्या आत होतं. २००३ मध्ये ते १२ चौरस किलोमीटरच्या थोडं पुढे गेलं. जंगल तसं छोटंच, पण त्याच्या मधोमध उभा असलेला किल्ला शेकडो वर्षांचा आहे. कोकण किनारा आणि बोरघाट यांच्यामधल्या वाटेवर इथून नजर ठेवता येई, म्हणून प्रत्येक सत्तेला तो हवा होता. यादव, निजामशाही, गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज, मुघल अशा अनेकांच्या हातांतून तो गेला. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी तो मुघलांकडून घेतला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला.

आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा अनंतराव या किल्ल्याचे किल्लेदार होते. खुद्द वासुदेव बळवंतांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा, शिरढोणचा. शिरढोण पळस्पे फाट्यावरून कर्नाळ्याकडे जाताना वाटेतच लागतं, तरी शंभरातल्या नव्वद गाड्या तिथून सरळ पुढे जातात. गड पाहण्याआधी शिरढोणला अर्धा तास थांबा, म्हणजे वर दिसणारे पडके दरवाजे आणि तटबंदी कुणाच्या राखणीत होती हे माहीत असेल.

पक्ष्यांसाठी उशिरा आणि घाईत येणं

दार उघडण्याच्या वेळेला तिकीट खिडकीशी हजर राहा. सुटे पैसे सोबत असू द्या. सामानातल्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि पाकिटं मोजून त्यांची अनामत घेतली जाते, त्या परत दाखवल्या की पैसे मिळतात. स्टीलच्या बाटल्या आणि डब्यात भरलेला खाऊ नेला तर ही रांगही वाचते.

आतमध्ये हरियाल आणि मोरटाका या दोन निसर्गवाटा आहेत. सकाळचे पहिले तीन तास महत्त्वाचे, कारण ऊन चढलं की किडे सावलीत सरकतात आणि त्यांच्यामागे पक्षीही. चालत राहिलात तर फारसं काही दिसणार नाही. फळलेला उंबर किंवा पाण्याची जागा सापडली की वीस मिनिटं एका जागी उभे राहा. इथले बरेच पक्षी मिश्र थव्यात फिरतात: पुढे भृंगराज, मागे निखार, सुतार, वटवटे. एक पक्षी दिसला म्हणून पळत पुढे गेलात तर बाकीचा थवा पाठीमागून निघून जातो.

कर्णा, म्हणजे मलबार ट्रोगन, पाहायला बरेच जण इथे येतात आणि न पाहताच परततात. तो शेंड्यावर बसत नाही. मधल्या उंचीच्या फांदीवर, बऱ्याचदा पाठ करून, मिनिटंन्‌मिनिटं निश्चल बसतो. दुर्बिणीनं शेंडे धुंडाळण्यापेक्षा डोक्याच्या थोड्या वरच्या सावलीतल्या फांद्या नुसत्या डोळ्यांनी चाळा. दुर्बीण ८×४२ ची पुरते. याहून जास्त मोठी करणारी दुर्बीण दाट झाडीत हलते आणि प्रकाशही कमी पडतो.

पावसाळ्याच्या सुरुवातीला तिबोटी खंड्या येतो. हा रायगडचा जिल्हा पक्षी, चिमणीहून लहान आणि रंगांनी भरलेला. ओढ्याकाठच्या मातीच्या उभ्या दरडीत बीळ करून तो अंडी घालतो. त्याच्या फोटोसाठी जी गर्दी होते ती मात्र खरोखर त्रासदायक आहे. पक्षी चोचीत सरडुली किंवा खेकडा घेऊन फांदीवर बसलाय, मान वरखाली करतोय, पण बिळात जात नाही, याचा अर्थ तुम्ही फार जवळ आहात. पिल्लं उपाशी आहेत. तिथून मागे सरा आणि पक्षी बिळात शिरेपर्यंत सरत राहा. बिळासमोरच्या फांद्या तोडू नका, कारण मुंगूस, घोरपड यांना तेच बीळ मग सहज दिसतं. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणंही टाळा. विणीच्या दिवसांत तो आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून घरटं सोडून भांडायला येतो.

माकडांना खायला देऊ नका, आणि पिशवीतून कुरकुर वाजणारं पाकीट बाहेर काढू नका. त्या आवाजाची त्यांना ओळख झालेली आहे. माकडानं पिशवी धरलीच तर ओढाओढ न करता ती सोडा. चावे आणि ओरखडे बहुतेक या ओढाओढीतच होतात. चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

किल्ल्याची वाट कमी लेखणं

गडाची उंची साधारण साडेचारशे मीटर. सवय असलेल्याला दीड तास पुरतो, मुलं किंवा ज्येष्ठ सोबत असतील तर अडीच तास धरा. सुरुवातीची वाट झाडीतून, मुळांवरून चढते आणि मग सोंडेवर येते. सावली असली तरी हवा कोंडलेली असते, घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. म्हणून डोंगर छोटा असूनही चक्कर येणारे इथे बरेच. माणशी दोन लिटर पाणी घ्या, त्यातलं निम्मं उतरण्यासाठी राखा आणि सोबत मीठ-साखर असू द्या. वर कातळात कोरलेली टाकी आहेत, पण त्यांतलं पाणी पिण्याच्या हिशेबात धरू नका. मार्च ते मे मध्ये अकराच्या आत माथा सोडलेला बरा.

पायात काय घालता याचा हिशेब ऋतूप्रमाणे बदलतो. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं आणि गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट्स शूज तिथे टिकत नाहीत. उन्हाळ्यात उतारावर सागाची वाळकी पानं आणि त्याखाली सुटा मुरूम असतो. घसरण्याचे प्रकार बहुतेक उतरतानाच होतात. टाच आधी टेकवून सरळ खाली उतरू नका. गुडघे जरा वाकवून, पाऊल आडवं टाकून उतरा. आधाराला फांदी धरण्याआधी ती नीट पाहा, पावसाळ्यात चापडा हा हिरवा विषारी साप पानांत मिसळून बसतो.

उतरताना ढोरवाटा फसवतात. दहा मिनिटं चाललात आणि वाट अरुंद होत गेली, काटे अंगाला लागू लागले, तर पुढे रेटू नका. शेवटची नक्की ओळखीची खूण होती तिथपर्यंत परत चढा. "ओढ्यानं खाली गेलो की रस्ता लागेलच" हा विचार सह्याद्रीत सर्वांत महाग पडतो. ओढा मध्येच कड्यावरून पडतो, आणि मग वरही जाता येत नाही, खालीही नाही. दुपारी तीननंतर चढायला सुरुवात करूच नका.

सुळक्याखाली मधमाश्यांना डिवचणं

दुरून अंगठ्यासारखा दिसणारा सुळका बेसाल्टचा आहे, उंची सुमारे १२५ फूट. त्याच्या कपारींत आग्या मोहोळं लागतात. कर्नाळ्यातला खरा धोका हाच आहे, त्यामुळे हा भाग नीट वाचा.

आग्या माश्यांची पोळी उघड्यावर लटकतात. पोळ्याला भिंत नाही, आडोसा नाही, म्हणून राखणीसाठी हल्ला हाच त्यांचा उपाय असतो. धूर, उग्र अत्तर किंवा डिओ, आरडाओरडा, स्पीकर, भिरकावलेला दगड, वर उडवलेला ड्रोन यांपैकी काहीही पुरतं. एक माशी चावली की नांगीसोबत एक वास सुटतो आणि तो इतरांना तिथेच बोलावतो. हा वास पिकल्या केळ्यासारखा असतो, म्हणून सुळक्याखाली केळी खायला बसू नका. चावलेली माशी अंगावर चिरडली तर वास आणखी पसरतो.

घोंघाट वाढून माश्या डोक्याभोवती फिरू लागल्या तर हात झाडू नका. रुमाल, ओढणी, शर्ट, जे हाताशी असेल त्यानं तोंड आणि मान झाका आणि लगेच झाडीच्या दिशेनं लांब निघा. कड्याच्या कडेला धावू नका. माश्या बराच पाठलाग करतात, तेव्हा दहा-वीस पावलांवर थांबून मागे पाहू नका. पाण्याच्या टाक्यात उडी मारण्यात अर्थ नाही, डोकं वर काढायची त्या वाट पाहत घोंघावत राहतात.

सुरक्षित जागी आल्यावर नांगी नखानं किंवा एटीएम कार्डाच्या कडेनं खरवडून काढा. चिमटा शोधण्यात वेळ घालवू नका, नांगीसोबतची विषाची पिशवी तेवढ्या वेळात विष सोडत राहते. ओठ किंवा जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला किंवा खूप डंख बसले असतील तर १०८ ला फोन करा आणि पनवेल उपजिल्हा रुग्णालयाच्या दिशेनं निघा. मधमाशीची ॲलर्जी आधीपासून माहीत असलेल्यांनी सुळक्यापर्यंत जाऊच नये, खालच्या दरवाजापर्यंतचा गडही पुरेसा आहे. सुळक्यावर चढणं हे दोर आणि प्रशिक्षण असलेल्या गिर्यारोहकांचं काम.

आसपासची ठिकाणं चुकीच्या क्रमानं घेणं

पनवेलकडून येताना शिरढोण आधी आणि कर्नाळा नंतर, तर तारा गाव त्याच महामार्गावर कर्नाळ्यापुढे पेणच्या बाजूला. ताऱ्याला युसूफ मेहेरअली सेंटर आहे, तिथे घाण्याचं तेल, साबण, मातीची भांडी असे ग्रामोद्योग पाहता येतात. सकाळी पक्षी पाहून दुपारी ऊन असताना इथे जाणं सोयीचं.

चिरनेर मात्र उरण तालुक्यात, डोंगराच्या पलीकडच्या बाजूला. ते परतीच्या वाटेवर नाही, म्हणून त्याला वेगळी सकाळ द्या. नवी मुंबईहून गव्हाण फाटा आणि दिघोडेमार्गे जाता येतं. या रस्त्यावर कंटेनरची अवजड वाहतूक असते, दुचाकीवाल्यांनी अंधारात हा रस्ता टाळावा.

बहुतेक लोक चिरनेरला महागणपतीचं दर्शन घेतात आणि निघतात. गावाची मोठी गोष्ट पुढे आहे. इंग्रजांच्या जंगल कायद्यानं लाकूडफाटा आणि गवतावरचा गावकऱ्यांचा हक्क गेला होता. २५ सप्टेंबर १९३० ला परिसरातले शेतकरी, आदिवासी, कोळी कोयते घेऊन अक्कादेवीच्या जंगलात उतरले आणि पोलिसांनी गोळीबार केला. नाग्या महादू कातकरी यांच्यासह आठ सत्याग्रही हुतात्मे झाले, मामलेदार केशव महादेव जोशी हेही त्याच गोळीबारात गेले. गावातला हुतात्मा स्तंभ पाहा, नावं सावकाश वाचा, मुलांना वाचून दाखवा. २५ सप्टेंबरला इथे मानवंदना होते. त्या दिवशी जाणार असाल तर गाडी गावाबाहेर लावून चालत या. अक्कादेवीचा डोंगर तिकिटाचं पर्यटनस्थळ नाही, वर जायचं तर आधी गावात विचारा. भर पावसात ओढ्यात उतरू नका, डोंगरावर पडलेलं पाणी खाली पोचायला काही मिनिटं पुरतात.

परतीचा विचार न करणं

ट्रान्स-हार्बर किंवा हार्बर लोकलनं पनवेल, तिथून रिक्षानं एसटी स्टँड आणि पेण-अलिबागकडची साधी गाडी, हा मार्ग सोपा आहे. चढण्याआधी कंडक्टरला "कर्नाळा अभयारण्याला थांबणार का" हे विचारा, विनाथांबा गाड्या तिथे थांबत नाहीत. परतताना अंधार पडल्यावर खिंडीत हात केलेला ड्रायव्हरला दिसत नाही, म्हणून पाचच्या आत थांब्यावर या. महामार्ग ओलांडताना मुलांचा हात धरा, उतारावरून येणारी वाहनं वेगात असतात.

स्वतःची गाडी असेल तर रविवारी चारच्या आत निघा. संध्याकाळी अलिबाग आणि कोकणातून परतणारी सगळी वाहनं पळस्पे फाट्याशी येऊन साठतात. शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी येता आलं तर वाहतूक आणि पक्षी, दोन्ही बाजूंनी फायदा.