कादंबरी वाचताना आधी विचारा, सांगतंय कोण?

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मी दर शनिवारी वाचनगट घेते. अंगणवाडी सेविका येतात, एसटीतून निवृत्त झालेले वाहक येतात, बारावीची मुलं येतात. "पुस्तक आवडलं" याच्यापुढे सगळ्यांनाच बोलायचं असतं, पण शब्द सापडत नाहीत. समीक्षेच्या पुस्तकांत शब्दांचा ढीग आहे. सुरुवातीला सहा-सात पुरतात, आणि ते व्याख्या पाठ करून नाही, एखादी कादंबरी हातात धरून शिकावेत. मी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) घेते. ती आकाराने लहान आहे आणि तिची भाषा कुणालाही परकी वाटत नाही.

पहिला शब्द निवेदक. कुणीतरी हमखास विचारतं, "हे मास्तर म्हणजे माडगूळकरच ना?" लेखकाचं आयुष्य त्यात उतरलेलं असू शकतं, पण पानावर बोलतोय तो राजाराम सौंदणीकर, धनगरांच्या वाडीवर बाहेरून आलेला कोवळा शाळामास्तर. त्याला दिसतं, ऐकू येतं, तेवढंच आपल्याला कळतं. हे प्रथमपुरुषी निवेदन. आता एक करून पाहा. मास्तर वाडीत पोचतो तो प्रसंग वहीत वाडीच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या तोंडून लिहा, दहा ओळी पुरेत. म्हाताऱ्याला वाडीचं नवल नाही, त्याला नवल या पोरसवदा मास्तराचं. तुमचं वाक्य आपोआप बदलेल. दृष्टिकोन म्हणतात तो हाच, आणि माझ्या मते बाकी सगळ्या संज्ञा याच्या मागून येतात. आणखी सराव हवा असेल तर खांडेकरांची 'ययाति' (१९५९) घ्या. तिथे ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. एकाचं ऐकून दुसऱ्याबद्दल मत बनवायची घाई करू नका.

कथानकाला जरा वेळ द्या. दोन घटनांच्या मध्ये "म्हणून" घालून पाहा. मास्तर लोकांची कामं करून देतो, म्हणून वाडीचा त्याच्यावर विश्वास बसतो, म्हणून तालीम बांधायला माणसं पुढे येतात. "म्हणून" बसलं की ते कथानक. नुसतं "मग" बसत असेल तर तो घटनाक्रम. पण 'बनगरवाडी'च्या शेवटी दुष्काळ येतो, तिथे मागच्या कुठल्याच घटनेचं "म्हणून" लागत नाही. गटातल्या मुलांना हा दोष वाटतो. मला तीच या कादंबरीची ताकद वाटते. ही वाडी आहे त्या कोरड्या माणदेशात पाऊस माणसाची मेहनत बघून पडत नाही. बालट्यासारखा खोडा घालणारा माणूस वाडीत आहे, त्याच्याशी मास्तरचा संघर्षही होतो, पण वाडी ओस पडते ती त्याच्यामुळे नाही. म्हणून संघर्ष शोधताना नुसता खलनायक शोधू नका. पात्र कशाशी झगडतंय ते विचारा. माणसाशी, रूढीशी, स्वतःच्या मनाशी की आभाळाशी?

वातावरण ओळखणं त्या मानाने सोपं. गोष्ट उचलून दुसऱ्या मुलखात ठेवून बघा. कोकणात, भातखाचरांमध्ये ही वाडी उभीच राहणार नाही. मेंढरं, कोरडं रान, पावसाची वाट हे सगळं कथेचं हाडच आहे.

आशयसूत्र, म्हणजे कादंबरी एकूण काय म्हणते ते, एका शब्दात सांगू नका. "दुष्काळ" हा विषय झाला. पूर्ण वाक्य लिहा. आमच्या गटातल्या एका सेविकेने लिहिलं होतं, "गावाला आपलं म्हणायला वेळ लागतो आणि गाव मोडायला एक पावसाळा पुरतो." यावर वाद झाला, आणि व्हायलाच हवा. वाक्य असलं तरच त्याच्याशी भांडता येतं.

प्रतीक सगळ्यांत शेवटी. नवे वाचक पहिल्या पानापासून प्रतीकं हुडकतात आणि गोष्ट हातची जाते. तालीम आधी दगडामातीची, लोकांनी मिळून घातलेली इमारत आहे. माणसं निघून गेल्यावर ती नुसती इमारत राहत नाही, पण तो अर्थ तिच्यावर वाडीच्या जगण्यातून चढतो. एखादी वस्तू पुन्हा पुन्हा येते का, आणि आधीच्या वेळेपेक्षा तिचं वजन वाढलंय का, एवढं पेन्सिलीने समासात टिपत जा. दोन्हीचं उत्तर "हो" आलं, तरच प्रतीक म्हणा.