जनुककुलाचा इतिहास कसा वाचावा: लाल व हिरव्या ऑप्सिनच्या आधारे

एका जनुकाच्या दोन प्रती झाल्या की एक प्रत जुने काम सांभाळते आणि दुसरीला बदलण्याची मोकळीक मिळते. मात्र बहुतेक जादा प्रती कालांतराने निकामी होतात, म्हणून एखादी प्रत का टिकली हे शोधणे हेच अभ्यासकाचे मुख्य काम असते. नवख्याने त्यासाठी रंगदृष्टीची ऑप्सिन जनुके (डोळ्यातील प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनांची जनुके) निवडावीत.

एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या जनुकीय माहितीच्या खुल्या संग्रहातून माणसाच्या लाल व हिरव्या ऑप्सिनचे, मकाक माकडाच्या त्याच दोन प्रथिनांचे आणि तुलनेसाठी निळ्या ऑप्सिनचे अनुक्रम (अमिनो आम्लांची क्रमवार मांडणी) घेऊन ते एकाखाली एक जुळवावेत. लाल व हिरवे ऑप्सिन प्रत्येकी ३६४ अमिनो आम्लांचे असून त्यांत जेमतेम पंधरा जागी फरक आढळतो. त्यांपैकी १८०, २७७ आणि २८५ या जागांवर बोट ठेवावे. लालमध्ये तेथे बहुधा सेरीन, टायरोसीन व थ्रिओनीन असतात, तर हिरव्यात अ‍ॅलनीन, फेनिलअ‍ॅलनीन व अ‍ॅलनीन. सुमारे ५६० आणि ५३० नॅनोमीटर या दोन शोषणशिखरांमधील (प्रथिन सर्वाधिक प्रकाश शोषते त्या तरंगलांबींमधील) अंतर मुख्यतः या तीन बदलांमुळे पडते.

यानंतर वंशवृक्ष (कोणती प्रत कोणाच्या जवळची हे दाखवणारी आकृती) काढावा, पण त्यावर लगेच विसंबू नये. ही दोन्ही जनुके एक्स गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असल्यामुळे एकीचा तुकडा दुसरीत उतरत राहतो (गुणसूत्रांच्या जोडीतील असमान देवाणघेवाणीतून लाल-हिरवे रंगांधत्वही येते), आणि त्यामुळे माणसाची लाल व हिरवी जनुके परस्परांच्या इतकी जवळची दिसू शकतात, की दोन्ही प्रती माणूस आणि मकाक यांच्या समाईक पूर्वजातच होत्या हे वृक्षावरून लक्षात येत नाही. म्हणून वृक्ष संपूर्ण जनुकावरून न काढता प्रत्येक एक्झॉनवरून (जनुकाच्या प्रथिनाची माहिती असलेल्या तुकड्यावरून) स्वतंत्रपणे काढावा. २७७ व २८५ या जागा पाचव्या एक्झॉनमध्ये येतात. बाकीचा भाग सारखा होत असताना हा भाग वेगळाच टिकून राहिला असेल, तर नैसर्गिक निवडीचा तो मला सर्वांत पटणारा पुरावा वाटतो.

पडताळणीसाठी हाउलर माकड घ्यावे. अमेरिका खंडातील बहुतेक माकडांच्या एक्स गुणसूत्रावर लाल-हिरव्या गटातील एकच जनुक असते, हाउलरमध्ये मात्र नक्कल स्वतंत्रपणे घडली आहे. त्याच्या दोन्ही प्रतींत त्याच तीन जागा तपासाव्यात.