गिऱ्हाईकासाठी सॉफ्टवेअर बनवताना अजाईल तत्त्वे मुळातून कशी वापरावीत

मस्जिद बंदरातल्या एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्यासाठी सॉफ्टवेअर बनवायचे असेल, तर मागण्यांची यादी लिहून घेण्याआधी त्यांचे बिल्टीबुक, म्हणजे पाठवलेल्या मालाच्या पावत्यांचे पुस्तक, मागून घ्यावे. छापील रकान्यांच्या बाहेर, समासात पेनाने लिहिलेले ‘हमाली बाकी’, ‘दोन नग ओले’ असे शेरे कोणत्याही यादीत येत नाहीत आणि तयार झालेले काम नेमके तिथेच अडते.

ही अडचण जुनी आहे. अमेरिकी संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांनी १९७० साली एका लेखात मागण्या, आराखडा, कोड आणि मग चाचणी असा क्रम मांडला खरा. पण हा क्रम जसाच्या तसा राबवणे जोखमीचे आहे, कारण चुका चाचणीत उघड होतात आणि तोवर मागे फिरणे महागात पडते, हेही त्यांनीच त्या लेखात लिहिले होते. अनेकांनी लेखातली त्या क्रमाची आकृती तेवढी उचलली. पुढे १९९० च्या दशकात छोट्या, ठरावीक मुदतीच्या टप्प्यांत काम करण्याची स्क्रम ही पद्धत आली, क्रायस्लर या मोटारकंपनीच्या पगारप्रणालीच्या कामातून केंट बेक यांची, छोटे बदल आणि सततच्या चाचण्यांवर भर देणारी, एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ही पद्धत घडली आणि फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड येथे जमलेल्या सतरा जणांनी अजाईलचा, म्हणजे बदल स्वीकारत थोडेथोडे काम हाती देण्याच्या रीतीचा, चार मूल्यांचा जाहीरनामा लिहिला. त्यासोबतच्या बारा तत्त्वांत चालते सॉफ्टवेअर दोन आठवडे ते दोन महिन्यांच्या अंतराने, शक्यतो लवकर, हाती द्यावे असे म्हटले आहे.

म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत एकाच मार्गाची बिल्टी निघेल एवढेच बनवावे. गाडी भरत असताना बिल्टी लिहिणाऱ्या मेहताजींच्या, म्हणजे कारकुनांच्या, शेजारी बसावे, खरी बिल्टी त्यांनाच करू द्यावी आणि मधे काहीही शिकवू नये. त्यांचा हात कीबोर्डवरून कागदाकडे कधी जातो, ते टिपून ठेवावे. माझ्या मते पुढच्या दोन आठवड्यांचे काम ठरवायला याहून चांगला आधार नाही. त्यातले आधी काय घ्यायचे, हे मात्र मालकांनी ठरवावे.

कराराची रक्कमही टप्प्याटप्प्याने ठरवावी, म्हणजे बदल सुचवताना मालकांना संकोच वाटत नाही. अजाईल म्हणजे लेखी काहीच नको, हा समज चुकीचा आहे. जाहीरनाम्याने कागदपत्रांचे मोल नाकारलेले नाही. भाड्याचे दर आणि जीएसटीचे नियम लिहूनच घ्यावेत. जुने बिल्टीबुक मेहताजी स्वतःहून कपाटात ठेवीपर्यंत टेबलावर राहू द्यावे.