डीएनएस बदललं, तरी ॲप जुन्याच पत्त्यावर का जातंय?

पहाटेचे सव्वातीन. मरोळच्या ऑफिसात मी, एक ज्युनिअर मुलगा आणि थर्मासमधला गार झालेला चहा. एका ग्राहकाचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवला होता. डीएनएस, म्हणजे नावावरून मशीनचा आयपी पत्ता सांगणारी वही, तीही बदलली होती. टीटीएल (उत्तर किती वेळ जपून ठेवायचं तो आकडा) आदल्या दिवशीच ६० सेकंदांवर आणला होता, ए रेकॉर्ड (नावाचा आयपी सांगणारी नोंद) बदलला होता, डिग (डीएनएसला नाव विचारणारी कमांड) मारलं की नवा आयपी दिसत होता. आणि ॲप मात्र इमानेइतबारे जुन्या मशीनवर लिहीत होतं. शेवटी ॲप रीस्टार्ट केलं तेव्हा कुठे वळलं. पहिली लोकल पकडून घरी जाताना डोक्यात एकच किडा: रीस्टार्ट का लागला?

आमची परळची चाळ पुनर्विकासाला गेली, तेव्हा पोस्टात नवा पत्ता देऊन बाबा निश्चिंत झाले होते. इस्त्रीवाला, पेपरवाला, गावचे काका यांना कोणी सांगायचं? डीएनएसचं तेच आहे. कॅश, म्हणजे जपून ठेवलेली जुनी उत्तरं, एका जागी नसतो, आणि ॲपच्या पोटातला कॅश तुमचा टीटीएल पाळेलच असं नाही.

आधी बाहेरचं बघा. डिग लागोपाठ दोनदा मारा. नावापुढचा आकडा, म्हणजे उरलेला टीटीएल, आधी ३६००, मग ३५८७ असा उतरत असेल, तर उत्तर कुठल्या तरी कॅशमधून येतंय. टीटीएल कमी करायचा तो हलवाहलवीच्या आधी, निदान जुना टीटीएल उलटून जाईल इतका आधी. जुना एक दिवसाचा असेल तर एक दिवस आधी. ऐनवेळी कमी करून काही होत नाही, जुनं उत्तर घेऊन लोक कधीच निघून गेलेले असतात.

आता जावा, म्हणजे माझं त्या रात्रीचं दुखणं. जेव्हीएम, म्हणजे जावाचं ॲप चालवणारं इंजिन, नावांची उत्तरं स्वतःकडे ठेवतं आणि रेकॉर्डचा टीटीएल बघतच नाही. एरवी ३० सेकंद ठेवतं, पण सिक्युरिटी मॅनेजर (कोडला काय करू द्यायचं ते ठरवणारा जावाचा पहारेकरी) चालू असेल तर कायमचं, प्रोसेस मरेपर्यंत. जावा २४ मध्ये सिक्युरिटी मॅनेजर कायमचा बंद झाला, पण ग्राहकांकडे जावा ८ अजून सुखाने नांदतोय. आमचं ॲप त्यातलंच, म्हणून रीस्टार्टशिवाय वळेना.

हा वेळ ठरवणाऱ्या सेटिंगचं नाव 'नेटवर्कॲड्रेस डॉट कॅश डॉट टीटीएल'. ते 'जावा डॉट सिक्युरिटी' या फाइलमध्ये असतं. जावा ९ पासून ही फाइल 'कॉन्फ'मधल्या 'सिक्युरिटी' फोल्डरात आहे, जावा ८ मध्ये 'जेआरई'च्या 'लिब'खाली. ओळीच्या सुरुवातीचा हॅश काढा आणि किंमत ६० ठेवा. डेटाबेस स्वतःहून दुसऱ्या मशीनवर उडी मारणारा असेल तर ५ किंवा १०.

इथे एक खड्डा आहे, ज्यात मी स्वतः पडले. हे नाव वजा-डी लावून कमांड लाइनवर दिलं तर जेव्हीएम ढिम्म हलत नाही, एररही देत नाही. कारण ही सिस्टिम प्रॉपर्टी नाही, सिक्युरिटी प्रॉपर्टी आहे. मी दोन तास ६० चे ३०, ३० चे १० करत बसले होते. कमांड लाइनवरूनच द्यायचं असेल तर 'सन डॉट नेट डॉट आयनेटॲडर डॉट टीटीएल' चालतं, फक्त फाइलमध्ये आधीच्या सेटिंगची किंमत भरलेली नको. कोडमधून लावणार असाल तर ॲपने पहिलं नाव शोधण्याआधी लावा, नंतर लावलेलं वाचलंच जात नाही.

ही किंमत शून्य मात्र ठेवू नका. प्रत्येक नव्या जोडणीला नाव शोधायला जावं लागतं, आणि रिझॉल्व्हर (आपल्यासाठी नावं शोधून आणणारा सर्व्हर) क्षणभर आडवा झाला की ॲपही आडवं. न सापडलेल्या नावासाठी वेगळी किंमत असते, मुळात १० सेकंद. ती तशीच राहू द्या. पण नवा रेकॉर्ड बनवण्याआधी उतावळेपणाने ते नाव डिग करू नका. 'असं नाव नाही' हे उत्तरही रिझॉल्व्हर जपून ठेवतो.

एवढं करूनही ॲप जुन्या मशीनला चिकटलं असेल, तर कनेक्शन पूल बघा, म्हणजे ॲपने डेटाबेसशी उघडून ठेवलेल्या जोडण्यांचा साठा. डीएनएस फक्त नवी जोडणी उघडताना विचारलं जातं, उघडलेली जोडणी पत्ता विचारत नाही. हिकारीसीपी या जावाच्या पूलमध्ये जोडणीचं आयुष्य मुळात ३० मिनिटं असतं. हलवाहलवीच्या आधी मी ते ५ मिनिटांवर आणते.

ॲपच्या पुढे एनजिनएक्स, म्हणजे आलेल्या विनंत्या मागच्या सर्व्हरकडे पाठवणारा वेब सर्व्हर, असेल तर त्याचं वेगळंच. 'प्रॉक्सी पास'मध्ये (विनंती कुठे पाठवायची ते सांगणारी ओळ) सरळ नाव लिहिलं की तो ते सुरू होताना एकदा शोधतो, मग रीलोडपर्यंत डोळे मिटून बसतो. 'रिझॉल्व्हर' ओळ द्या, तिच्यात 'व्हॅलिड' ३० सेकंद लिहा, आणि नाव व्हेरिएबलमध्ये टाकून ते व्हेरिएबल 'प्रॉक्सी पास'ला द्या. हा रिझॉल्व्हर होस्ट्स फाइल (मशीनवरचीच नावं-पत्त्यांची यादी) वाचत नाही, तेव्हा तिथे लिहिलेल्या नावांच्या भरवशावर राहू नका.

सगळं झालं की जुनी मशीन लगेच बंद करू नका. तिच्यावर 'एसएस' ही जोडण्या दाखवणारी कमांड चालवून डेटाबेसच्या पोर्टवर अजून कोण जोडलेलं आहे ते बघा, आणि ज्या आयपीवरून जोडणी दिसेल तिथे जाऊन शोधा. आमच्याकडे सगळं वळल्यावरही एक जोडणी दर १५ मिनिटांनी उगवायची. दोन दिवस तिचा कॅश शोधला. निघाला एक क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, ज्यात कोणीतरी नावाऐवजी आयपीच हाताने लिहून ठेवला होता.